बंगळूरची आधाररेषा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास सरकारच्या कारभाऱ्यांपुढे खर्चाचा एक प्रश्न आला असता त्यांतील एका सभासदाने दिलेले मत भूमापनाच्या इतिहासात एक गमतीची आख्यायिका होऊन राहिले आहे. ज्या प्रवाशाला श्रीरंगपट्टणास जावयाचे असेल त्याने आपल्या पालखीच्या म्होरक्या भोयाला तेवढे सांगावे म्हणजे झाले. कर्नल लॅम्बटन यांच्या नकाशावाचून तो भोई त्याला नेमका तेथे नेऊन पोहोचवील, असा त्या गृहस्थांच्या म्हणण्याचा आशय होता. वरवर पाहता हे मत अगदीच चुकीचे नव्हते. रुळलेल्या वाटेने जाणाऱ्याला भोयाएवढा जाणता सोबती दुसरा नाही. परंतु वाट जेथे संपते, खोल घळीपलीकडे काय आहे हे जेथे गावकऱ्यालाही सांगता येत नाही, आणि दोन दूरच्या डोंगरांमधील खरे अंतर जेथे कोणालाच ठाऊक नसते, तेथे भोयाचे ज्ञान खुंटते. अशा मुलखात शिरावयाचे तर आधी घरी बसून बेत आखावा लागतो. विल्यम लॅम्बटन यांनी असा बेत आखला आणि त्याची पहिली कसोटी १८०० साली बंगळूरच्या माळावर घेतली.

बंगळूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने ते केंपेगौडाकडून घेतल्यावर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले आणि तेथे त्यांचा दरबार नांदू लागला. त्यानंतरच्या दीड शतकात म्हैसूरचे वडियार, हैदर आणि टिपू असे त्याचे धनी झाले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला, आणि दक्षिणेतील एक विस्तीर्ण प्रदेश इंग्रजांच्या कंपनीच्या प्रभावाखाली आला. हाती आलेला मुलूख नेमका केवढा, त्याच्या नद्या कोठून कोठे वाहतात, सैन्य व तोफा कोणत्या वाटेने नेता येतील आणि सारा किती बसवता येईल, हे नव्या धन्याला हवे होते. या मोहिमेमागे ज्ञानाची तहान होती हे खरे. परंतु तिला पैसा पुरविणाऱ्यांची दृष्टी राज्यावर होती, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टी अखेरपर्यंत एकमेकींत गुंतलेल्या राहिल्या.

जमीन मोजण्याची विद्या या देशाला नवी नव्हती. शिवाजी महाराजांच्या काळी पाच हात पाच मुठींची काठी ठरवून बिघे आणि चावर मोजले जात, आणि अण्णाजी दत्तोंनी त्या धोरणाने गावोगावची पाहणी केली, हे सर्वश्रुत आहे. काठीने शेताचे क्षेत्र कळते, गावाची शीव कळते, साऱ्याचा आकडा ठरतो. मात्र ते गाव पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे, हे काठी सांगू शकत नाही. काठीमागून काठी टाकीत शंभर कोस गेले, तर प्रत्येक काठीची बारीकशी चूक साठत साठत अखेरीस कोसभराची होते. शिवाय काठीला सपाट जमीन लागते. पेन्ना नदीने गंडिकोट्याजवळ लाल खडक कापून जी प्रचंड घळ पाडली आहे तिच्या काठाशी मोजणीदार उभा राहिला, तर त्याची काठी किंवा साखळी तेथेच थांबते.

मात्र नजरेला घळ अडवीत नाही. याच साध्या गोष्टीवर त्रिकोणमापनाची सारी विद्या उभी आहे. सपाट माळावर एक रेषा अत्यंत काळजीने मोजावी. तिला आधाररेषा म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या शिखराकडे पाहून दोन कोन मोजावेत. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यांच्यावर पाय ठेवण्याची गरज उरत नाही. आता त्यांतील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा आधार होते. अशा रीतीने शिखरावरून शिखरावर, रान, नदी, दरी आणि घळ ओलांडीत, त्रिकोणांची साखळी शेकडो मैल नेता येते. आधाररेषेत मात्र चूक राहिली तर ती प्रत्येक त्रिकोणाबरोबर पुढे जाते. म्हणून सारा भार त्या पहिल्या साडेसात मैलांवर असतो.

लॅम्बटन हे तेहतिसाव्या पायदळ पलटणीतील अधिकारी. अमेरिकेतील युद्धात ते कैद झाले होते. पुढे कॅनडाच्या बाजूला दीर्घकाळ साध्या नोकरीवर राहून त्यांनी गणिताचा आणि ज्योतिषाचा अभ्यास केला. चौथ्या म्हैसूर युद्धात त्यांच्या तुकडीला एका रात्री दक्षिणेकडे कूच करावयाचे होते. आकाशातील तारे पाहून लॅम्बटन यांनी सेनापतीस सांगितले, की फौज दक्षिणेस नव्हे तर उत्तरेस, म्हणजे सरळ शत्रूच्या छावणीकडे चालली आहे. ते खरे ठरले आणि तुकडी वाचली. युद्ध संपताच, १७९९ च्या अखेरीस, त्यांनी एक योजना सादर केली: द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी न्यावी, आणि तिच्या आधाराने पुढे पृथ्वीच्या आकाराचेही मोजमाप करावे. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड क्लाइव्ह यांनी १८०० च्या आरंभी तिला मान्यता दिली.

या योजनेचा दुसरा भाग कंपनीच्या हिशेबनिसांना चैनीचा वाटला असल्यास नवल नाही. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, हे अठराव्या शतकात फ्रेंच विद्वानांनी पेरू व लॅपलंड येथे मोहिमा नेऊन दाखविले होते. मग विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश जमिनीवर जितका लांब भरतो तितकाच तो उत्तरेस भरत नाही. हा फरक ठाऊक नसेल, तर मोठ्या देशाचा नकाशा कितीही सुबक काढला तरी तो खरा होत नाही. म्हणजे पृथ्वीचा आकार ही चैन नसून नकाशाचीच गरज होती. दूरच्या प्रवासाचा बेत आखताना वरवर अनावश्यक दिसणारी गोष्टच पुष्कळदा पुढे मोलाची ठरते, त्याचे हे उदाहरण होय.

बेत झाला तरी साधने हवीत. ती ज्या मार्गाने मिळाली तो मार्ग एखाद्या कादंबरीस शोभेल असा आहे. १७९३ मध्ये इंग्लंडहून लॉर्ड मॅकार्टनी यांचे शिष्टमंडळ चीनच्या सम्राटाकडे गेले होते. सम्राटास नजर करण्यासाठी नेलेल्या वस्तूंत लंडनचे विख्यात कारागीर रॅम्सडेन यांनी घडविलेली शंभर फुटी पोलादी साखळी आणि ताऱ्यांचे वेध घेण्याचे एक यंत्र होते. तेथे त्या वस्तूंचे चीज झाले नाही. शिष्टमंडळाबरोबरचे डॉ. डिनविडी त्या घेऊन कलकत्त्यास आले, आणि लॅम्बटन यांच्यासाठी त्या त्यांच्याकडून विकत घेण्यात आल्या. चीनच्या दरबाराने नाकारलेली साखळी अशा रीतीने कर्नाटकाच्या तांबड्या मातीवर उतरली.

१४ ऑक्टोबर १८०० रोजी बंगळूरजवळ मोजणीस आरंभ झाला आणि १० डिसेंबरला ती संपली. रेषेची लांबी सुमारे ७.४३ मैल भरली. जे अंतर पायी दोन-अडीच तासांत चालून जाता येते त्याला जवळजवळ दोन महिने लागले. याचे कारण समजून घेतले पाहिजे. साखळी जमिनीवर तशीच टाकली तर ती उंचसखल भागावर वाकते. म्हणून तिला आधार देऊन एका पातळीत ताणून धरावे लागे. अशी ती जवळजवळ चारशे वेळा मांडली गेली. पोलाद उन्हाने वाढते. एक अंश फॅरनहाइट उष्णता चढली तर शंभर फुटी साखळी इंचाच्या शंभराव्या भागाइतकीसुद्धा वाढत नाही; परंतु सकाळ आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक पडला आणि तो हिशेबात घेतला नाही, तर साडेसात मैलांत सुमारे पाच फुटांची चूक होते. म्हणून साखळीशेजारी उष्णतामापक ठेवून प्रत्येक वेळी आकडा टिपून ठेवणे भाग होते.

आणखी एक अडचण बंगळूरच्या उंचीची होती. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावर मोजलेली रेषा समुद्रसपाटीवरील तिच्या जोड रेषेपेक्षा किंचित लांब भरते. एवढ्या रेषेत हा फरक साडेपाच फुटांहून अधिक होतो. समुद्रालगतची रेषा हाताशी असल्यास हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. म्हणून पायाची रेषा मद्रासेत मोजण्याचे ठरले. तेथे वेधशाळाही होती, आणि तिचे स्थान ज्योतिषशास्त्राने निश्चित झालेले होते. १० एप्रिल १८०२ रोजी सेंट थॉमस माउंटजवळ ही नवी रेषा मोजण्यास प्रारंभ झाला. तोच दिवस पुढे भारतीय सर्वेक्षणाचा दिवस म्हणून मानला जाऊ लागला. दोन महिन्यांच्या कष्टाने मोजलेली बंगळूरची पहिली रेषा मात्र केवळ रंगीत तालीम ठरली. तेथील श्रम वाया गेले असे कोणी म्हणेल. परंतु साखळी कशी धरावी, माणसे कशी शिकवावीत आणि कोठे फसगत होते, हे त्याच तालमीत कळले होते.

कोन मोजण्यासाठी लंडनहून मागविलेला थिओडोलाइट तीन फूट व्यासाच्या चक्राचा आणि सुमारे अर्ध्या टनाचा होता. त्याला घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला गेले. परंतु ते विद्येचे साधन आहे असे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रांत एवढे वैर असतानाही हे सौजन्य दाखविले गेले, ही त्या काळाची एक लोभस खूण होय.

मद्रासहून निघालेली त्रिकोणांची साखळी सुमारे १८० मैल पश्चिमेस येऊन १८०४ मध्ये बंगळूरला पोहोचली. येथे बेतामधील सर्वांत महत्त्वाचे कलम पुढे आले. बंगळूरच्या माळावर पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजावयाची, आणि मद्रासपासून गणिताने आलेली तिची लांबी प्रत्यक्ष मापाशी ताडून पाहावयाची, असे ठरलेले होते. लेफ्टनंट जॉन वॉरन यांनी मोजणी केली. सात मैलांहून लांब असलेल्या त्या रेषेत गणित आणि साखळी यांत चार इंचांहूनही कमी अंतर पडले. डोंगर-दऱ्यांवरून केवळ नजरेने केलेल्या प्रवासाच्या शेवटी वीतभरही फरक पडला नाही. हा फरक चार इंचांऐवजी चाळीस फुटांचा आला असता, तर चार वर्षांचे काम पुन्हा करावे लागले असते. आपली चूक आपल्यालाच सापडावी, अशी जागा लॅम्बटन यांनी बेतातच राखून ठेवली होती.

पुढील वर्षाच्या सुमारास साखळी पश्चिम किनाऱ्यास भिडली, तेव्हा मद्रास आणि मंगळूर यांमधील अंतर ३६० मैल भरले. पूर्वीच्या नकाशांत ते सुमारे ४०० मैल दाखविलेले होते. त्या एका मापाने द्वीपकल्पाच्या रुंदीतून चाळीस मैल वजा झाले. पालखीचे भोई ती वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत होते, परंतु एवढी मोठी तफावत कोणाच्याही ध्यानी आली नव्हती. कारण चालणाऱ्याला वाटेचा वेळ ठाऊक असतो, सरळ रेषा ठाऊक नसते.

यानंतर कामाचा रोख बदलला. बंगळूरजवळून जाणाऱ्या ७८ अंश रेखावृत्ताच्या आसऱ्याने दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत आणि उत्तरेस जितके जाता येईल तितके जावयाचे, असे ठरले. बंगळूरजवळ दोड्डगुंटा येथे ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश निश्चित करण्यात आला. दक्षिणेस कावेरीच्या सपाट खोऱ्यात शिखरेच नव्हती. म्हणून देवळांची गोपुरे हीच शिखरे मानावी लागली. १८०८ मध्ये तंजावरला बृहदीश्वराच्या देवळावर तो अवजड थिओडोलाइट चढवीत असताना दोर सुटून यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे चक्र वाकले. याच देवळाच्या भिंतींवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा मराठी इतिहास कोरून घेतला होता. इंग्लंडहून दुसरे यंत्र येण्यास वर्षे लागली असती. लॅम्बटन यांनी स्वतःला कोंडून घेऊन, पाचरी व मळसूत्रे लावून, सहा आठवड्यांत ते चक्र केसाकेसाने ओढून पूर्ववत केले. पुढे कित्येक वर्षे तेच यंत्र कामास आले, आणि आज ते डेहराडूनला जपून ठेवलेले आहे.

उत्तरेचा मुलूख निराळाच होता. बंगळूर मागे पडले की पावगड, अनंतपूर, गुत्ती हा देश लागतो. पाऊस अत्यंत कमी, झाडोरा खुरटा, उघडे खडक, कोरडी नदीपात्रे आणि मध्येच वर उठलेले दुर्ग, असे त्याचे रूप. लॅम्बटन यांनी पावगडला वेध घेतले आणि १८११ मध्ये गुत्तीजवळ आणखी एक आधाररेषा मोजली. अशा मुलखात प्रवासाचा बेत करताना पाणी कोठे मिळेल, बैलांना वैरण कोठून आणावी, अर्ध्या टनाचे यंत्र कड्यावर कोणी चढवावे, हे प्रश्न गणिताइतकेच महत्त्वाचे होतात. ऋतूचा पेच तर विलक्षण होता. उन्हाळ्यात वाटा कोरड्या असतात, पण धुळीने क्षितिज झाकलेले असते. दूरचे निशाण दिसत नाही. पावसाच्या सरीनंतर हवा काचेसारखी स्वच्छ होते आणि साठ-साठ मैलांवरचे शिखर नजरेत येते. परंतु तेव्हाच नद्या चढतात आणि रानात हिवताप असतो. नजर हवी असेल तर ताप पत्करला पाहिजे, असा तो सौदा होता, आणि तो पत्करण्यात आला.

या सौद्याची किंमत कोणी दिली, हे इतिहासाने विसरता कामा नये. दूरच्या शिखरावर निशाण धरून वारा-पावसात दिवसेंदिवस उभे राहणारे निशाणदार, यंत्रांची ओझी वाहणारे आणि मोजणीखात्यात ज्यांना खलाशी म्हणत ते गडी, रान तोडणारे गावकरी, पहाऱ्याचे शिपाई, अशी ही सारी मंडळी होती. मद्रासच्या मोजणीशाळेत तयार झालेले जोशुआ डी पेनिंग यांच्यासारखे काही सहायक नावानिशी ओळखले जातात. खलाशांची नावे मात्र कागदांवर क्वचितच आली. १८१८ मध्ये या कामास ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हे सहायक म्हणून आले. दुसऱ्याच वर्षी कृष्णा-गोदावरीमधील रानात त्यांची जवळजवळ सारी तुकडी तापाने आडवी झाली. कित्येक जण दगावले, आणि खुद्द एव्हरेस्ट यांना प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या केपला जावे लागले.

लॅम्बटन यांनी १८१५ पर्यंत बिदरजवळच्या दामरगिद्द्यापर्यंत रेषा नेली होती. कन्याकुमारीपासून तेथवर अक्षांशाचे जवळजवळ दहा अंश मोजून झाले होते. दृष्टी आणखी उत्तरेकडे होती. वय सत्तरीच्या घरात, खोकल्याने शरीर खंगलेले, तरीही हैदराबादेहून मुक्काम हलवून ते नागपूरकडे निघाले. नागपूर त्यांना दिसले नाही. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथील तळावर त्यांचे देहावसान झाले. वर्धा जिल्ह्यातील त्या गावी त्यांची समाधी आहे. बंगळूरच्या माळावर ज्याने पहिली साखळी ताणली, तो कापसाच्या काळ्या मातीत, त्याच ७८ अंशांच्या रेखावृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी विसावला.

एखाद्या प्रवासाचा बेत केवळ प्रवाशाच्या मनात असला, तर तो त्याच्याबरोबर संपतो. येथे तसे झाले नाही. प्रत्येक कोन, प्रत्येक साखळीची उष्णता, प्रत्येक ताऱ्याचा वेध वह्यांत नोंदलेला होता. म्हणून दुसऱ्याला ते काम हाती घेता आले, आणि त्यातील उणीवाही शोधता आल्या. एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेताना आपल्या गुरूच्या मापांचीही गय केली नाही. मध्य हिंदुस्थानातील सिरोंज येथे साखळीने मोजलेल्या आधाररेषेचा डेहराडूनच्या रेषेशी मेळ घालून पाहिला, तेव्हा काही फुटांची तफावत निघाली. तेव्हा सिरोंजची रेषा उष्णतेने लांबी न बदलणाऱ्या नव्या धातुदंडांनी पुन्हा मोजण्यात आली, आणि तफावत काही इंचांवर आली. बिदरची रेषाही १८४१ मध्ये पुन्हा मोजली गेली. त्याच सुमारास कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा तो महान कंस पुरा झाला. त्याच्या आधारावर पुढे हिमालयाची शिखरे मोजली गेली. राधानाथ सिकदार यांनी ज्या शिखराचे गणित केले, त्याची उंची २९,००२ फूट असल्याचे १८५६ मध्ये जाहीर झाले, आणि त्याला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. ज्या शिखरावर तोवर कोणाचे पाऊल पडले नव्हते त्याच्या उंचीत, शंभराहून अधिक मैलांवरून केलेल्या मापाने, अवघ्या तीस फुटांचा फरक राहिला होता.

आणि बंगळूर? १८६८ मध्ये मोजणीदार पुन्हा तेथे आले. लॅम्बटन आणि वॉरन यांच्या साखळीवर विसंबून न राहता त्यांनी नव्या धातुदंडांनी नवी आधाररेषा मोजली. आजच्या मेखरी सर्कलपासून कण्णूर गावापर्यंत ती जात होती. तेव्हा पहिल्या तालमीस अडुसष्ट वर्षे होऊन गेली होती, तिचा कर्ता हिंगणघाटला पंचेचाळीस वर्षांपूर्वी निवर्तला होता, आणि ज्या कंपनीने पैसा पुरविला होता तिचे राज्यही १८५८ मध्ये संपले होते. कागदांवरील आकडे तेवढे उरले होते, आणि ते पुन्हा पडताळून पाहण्यासाठी माणसे त्या माळावर परत आली होती.